घराला ऐकू येतं

परवा साताऱ्यात भाड्यानं घर बघायला गेलो. शाहूपुरीच्या बाजूला, दुसरा मजला, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, पाण्याची अडचण नाही. एजंट एकेक खोली उघडून दाखवत होता, नवरा नळ सोडून बघत होता आणि मी हॉलच्या मधोमध चपला काढून गप्प उभी होते. एजंटनं दोनदा विचारलं, "मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का?" नवरा म्हणाला, "थांबा जरा. तिचं चाललंय." त्यानं हे चेष्टेनंच म्हटलं, पण आवाज खाली आणून म्हटलं. सुभेदार आण्णांच्या घरात जो चार दिवस राहिला असेल, तो कुठल्याही परक्या घरात आवाज खाली आणूनच बोलतो.

खरं सांगायचं तर मला काहीही ऐकू येत नव्हतं. घर कसं ऐकायचं ते आण्णांनी मला शिकवलं नाही. शिकवा म्हटलं असतं तर वैतागले असते. पण नव्या घरात शिरल्यावर गप्प उभं राहायची खोड त्यांनी लावून ठेवली आणि ती काही जात नाही.

आण्णांचं नाव दौलत निकम. शिराळ्याकडच्या एका खेड्यातले, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मला मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा नवरा साताऱ्यात त्याच्या नोकरीत अडकलेला होता. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका कॉलनीत मी एकटीच खोली शोधत फिरत होते. कुणीतरी सांगितलं, सुभेदारांचा वरचा मजला रिकामा आहे. गेले तर आण्णा गेटाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा कात्रीनं एका रेषेत आणलेल्या, आणि उजवा पाय सारखा हलत असलेला. तो पाय मी कधीच थांबलेला बघितला नाही. घरात एवढा हॉल, हॉलमध्ये सोफा, सोफ्यावर नवं कव्हर, आणि हे गृहस्थ रस्त्याकडेला पाय हलवत का बसलेत, असा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता.

गाव कुठलं, जात कुठली, पाव्हणे-रावळे किती येणार, अॅडव्हान्स किती, असल्या प्रश्नांची मी तयारी करून गेले होते. आण्णांनी एकच विचारलं.

"मॅडम, भांडता का?"

"कुणाशी?"

"कुनाशी बी."

"माणूस आहे, भांडते कधीतरी."

"भांडा की. आमी न्हाई म्हनत न्हाई. पर गेटाभाईर. आत वंगाळ शब्द काडायचा न्हाई. मेलं, गेलं, संपलं, बंद पडलं, काय बी न्हाई."

"आणि तेल संपलं तर?"

"तेल वाढलं म्हनायचं." ते जराही हसले नाहीत. "आन् आजून एक. एक दिस मी म्हनीन खोली मोकळी करा. तवा का, कशाला, इचारायचं न्हाई. चार दिस देईन. कबूल?"

मी कबूल म्हटलं, कारण उन्हात फिरून पाय दुखत होते.

वास्तुपुरुष दिवसभर तथास्तु म्हणत असतो आणि आपला कुठला शब्द नेमका त्या वेळी पडेल ते सांगता येत नाही, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं असतं. ऐकून आपण पुन्हा वाट्टेल ते बोलतो. आण्णा बोलत नसत. त्यांच्या घरात गॅस वाढायचा, बल्ब वाढायचा, माझ्या मोबाइलचा रिचार्जसुद्धा वाढायचा. एकदा मी सवयीनं गॅस एजन्सीत फोन करून "सिलिंडर वाढलाय" म्हणून सांगितलं, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मग चांगलंच आहे की, मॅडम."

खरी पंचाईत झाली ती फोनवरच्या भांडणांची. नवरा साताऱ्यात, मी सांगलीत, म्हणजे आमचा निम्मा संसार फोनवर आणि त्यातला निम्मा भांडणात. मी आण्णांना म्हटलं, ज्याच्याशी भांडायचं तो माणूस साताऱ्यात बसलाय, मग गेटाबाहेर कशाला? त्यांनी विचार केला. खरोखर केला, पाय हलवत. मग म्हणाले, "मानूस साताऱ्यात असंल. पर तुमचं बोलनं हितंच पडतंय न्हवं?" झालं. फोन वाजला आणि सूर चढायला लागला की मी जिना उतरून गेटाबाहेर. त्यामुळे माझ्या नवऱ्याची सगळी कर्तबगारी गल्लीला पाठ झाली. भाजीची गाडी घेऊन येणारी मावशी गवारीची शेंग मोडून बघत मला विचारायची, "त्यानं बदलीचा अर्ज आजून दिला न्हाई व्हय?"

देवधर्माचं आण्णांना फारसं नव्हतं. देवपूजा त्यांच्या बायकोकडे, शालनकाकींकडे. आण्णांचं सगळं घराशी. बाहेरून आले की चौकटीपाशी थांबून उजवा तळवा भिंतीवर ठेवायचे आणि "रामराम" घालायचे. आत कुणी असो नसो. ही सवय पलटणीतली. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवं क्वार्टर, नवं कुलूप. "दुसऱ्याच्या घरात आपन शिरतो," ते म्हणायचे, "मग आदी रामराम नगं व्हय?" आसामातल्या एका क्वार्टरमध्ये आधीच्या हवालदाराच्या पोराची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मांडलेली होती. रंग मारायला माणसं आली तेव्हा आण्णांनी तेवढी चौकट रंगवू दिली नाही. वरिष्ठांनी विचारलं तर सांगितलं, पोरगं आजून वाढतंय, साहेब. त्यावर साहेब काय म्हणाले ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांच्या लेखी घरं तीन जातींची. जागं घर, झोपलेलं घर आणि रुसलेलं घर. जागं घर म्हणजे शिरल्याबरोबर आपण कुणाच्या तरी पुढ्यात आलोय असं वाटणारं. रुसलेल्याबद्दल विचारलं की ते उठून गेटाकडं जायचे. झोपलेलं म्हणजे बरेच दिवस बंद असलेलं. "बंद घराला झोप लागती. आन् झोपलेलं घर मानसं वळखत न्हाई. तुमी वर चालता-फिरता, भांडी आपटता, त्येवडीच त्येला जाग." म्हणजे मी भाडं देत होते ते वरचा मजला जागा ठेवायला! मला हसू आलं. मग कुणासाठी जागा ठेवायचा, हे काकींकडून कळलं तेव्हा हसू गेलं.

काकी स्वयंपाकघरात बसून मेथी निवडत होत्या. मी मदतीला बसायला गेले तर म्हणाल्या, "तितं नगं. त्या फरशीवर नगं. जरा हिकडं सरक." ओट्याच्या डाव्या अंगाला, आग्नेय कोपऱ्यातली ती एक फरशी. वास्तुशांतीच्या दिवशी वास्तुपुरुषाची प्रतिमा तिथं पुरलेली. त्या फरशीवर आण्णा पाय पडू देत नसत, डबा ठेवू देत नसत. काकी आधी बाहेर नजर टाकून आल्या. आण्णा गेटावर होते. मग त्यांनी सांगितलं ते एवढंच, की हे घर आण्णांनी निवृत्तीनंतर उभं राहून बांधलं, खालचा मजला दोघांना आणि वरचा मुलाला, विक्रमला. विक्रम पुण्यात इंजिनिअर. वास्तुशांतीला आला. होम झाला, पंगती उठल्या. आण्णा त्याला वर घेऊन गेले, ही तुझी खोली, ही तुझी गॅलरी असं दाखवायला लागले. तो म्हणाला, कुणी सांगितलं होतं एवढं बांधायला? मी काही सांगलीत राहायला येणार नाही. आण्णांना एवढे पाव्हणे असताना तो शब्द लागला. बोलत बोलत दोघं खाली आले ते थेट स्वयंपाकघरात, जिथं अजून त्या फरशीचं सिमेंट ओलं होतं. तिथं आण्णा म्हणाले, "मग जा. परत ह्या घरात पाऊल टाकू नगंस." आणि पोरगं म्हणालं, "जातो."

"येतो म्हनला न्हाई गं," काकी म्हणाल्या. "आपल्यात कुनी तरी म्हनतं का, जातो म्हनून? दुष्मन बी दारातनं निगताना येतो म्हनतोय."

तेव्हापासून विक्रम त्या घरात आला नव्हता. अबोला असा नव्हता. तो आईला फोन करायचा. लग्नकार्यात कराडला, वाईला भेट व्हायची. त्याचं लग्न पुण्यात झालं तेव्हा आण्णा फेटा बांधून उभे होते. पण सांगलीचं नाव निघालं की तो म्हणायचा, बघू. आणि आण्णांची पक्की खात्री होती की हा बघू विक्रमचा नाही, घराचा आहे. घरानं ऐकलं, तथास्तु म्हटलं, आणि आता घरच पोराला येऊ देत नाही. म्हणून ते आत टेकत नसत. जेवायला आत, आंघोळीला आत, रात्री दाराजवळ गादी टाकून पडायला आत. बाकी सगळा दिवस गेटावर, रस्त्याकडं तोंड करून. मला त्यांचा राग यायचा. एवढा मोठा माणूस, एवढ्या पोस्टिंगा केलेला, आणि स्वतःच्या चार भिंतींना असा घाबरतो! पण जिन्यावरून येता-जाता त्यांच्या मानेची मागची बाजू दिसायची, आणि ती मान बघून काही बोलवायचं नाही.

आण्णांना घर कळतं, ही ख्याती कॉलनीभर होती. फ्लॅट घ्यायचा, जुनं घर घ्यायचं की लोक त्यांना गाडीत घालून न्यायचे. दिशा, होकायंत्र, आरसा कुठं लावायचा असल्या गोष्टी सांगणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. ते जायचे, रामराम घालायचे, सगळ्यांना गप्प करायचे आणि जमिनीवर मांडी घालून बसायचे. मग एखादं वाक्य बोलायचे. एका जुन्या घरात म्हणाले, "हितं कुनीतरी लय दिस दाराकडं बगत बसलं हुतं." ते खरं निघालं, तिथल्या म्हाताऱ्या बाई दुबईतल्या लेकीची वाट बघत होत्या. लोकांच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या एका बंगल्यात म्हणाले, "हे घर कुनाची तरी वाट बगतंय." तेही खरंच निघालं, कारण कुठल्या घरात कुणी ना कुणी वाट बघत नसतं?

मग तो नव्या फ्लॅटचा प्रकार झाला. शेजारच्या शिक्षक जोडप्यानं आण्णांना नेलं, मीही गेले. इमारत इतकी नवी की जिन्याला कठडा नव्हता आणि बाहेर रंगारी दोरीवर लोंबकळत होता. आण्णा हॉलमध्ये बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बिल्डरचा माणूस घड्याळ बघायला लागला. शेवटी आण्णा उठले, बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "नगा घिऊ. हितं कुनीतरी लय वाट बगितलीया. भिंतीत भरून राहिलंय."

बिल्डरच्या माणसाला हसू आवरेना. "आवं आण्णा, हितं आजून पाल सुदिक राहायला आली न्हाई. कोन वाट बगनार?"

रंगारीसुद्धा दोरीवरून हसला. शिक्षक खाली बघत राहिले. आण्णांचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू फिका पडला. ते जिना उतरले. गाडीत माझ्याशेजारी बसले होते, पाय हलवत. सांगलीत शिरता शिरता एकदम म्हणाले, "मी संगं घिऊन फिरतोय, व्हय की न्हाई?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यानंतर कुणाचंही घर बघायला ते गेले नाहीत. लोकांना वाटलं, लाजले. लाजले नव्हते, घाबरले होते.

मध्ये एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं आणि नदीकाठच्या गावभागातले काकींचे भाऊ, भावजया, पोरंटोरं, एक शेळी असा सगळा लवाजमा आमच्याकडे राहायला आला. कॉलनी उंचावर, इथं पाणी येत नाही. खाली वर पाय ठेवायला जागा नव्हती. काकी एकामागून एक भाकरी थापत होत्या, मी पिठलं ढवळत होते. माझ्या गॅलरीत शेळी! त्या दिवसांत आण्णांना मी पहिल्यांदा हॉलमध्ये भिंतीला टेकून बसलेलं बघितलं. अंगावर दोन पोरं लोळत होती. "आता जागं हाय बग घर," मला म्हणाले. मी तोवर मॅडमची पोरी झाले होते. तेवढ्यात विक्रमचा फोन आला, पाणी आलंय का विचारायला. काकींनी फोन आण्णांच्या हातात दिला. आण्णा पोरांना बाजूला सारून उठले, पावसात गेटाबाहेर गेले आणि तिथं डोक्यावर पोतं धरून बोलले. घरात बोलताना चुकून काही निघालं तर? पाणी उतरलं, पाव्हणे गेले, आण्णा परत खुर्चीवर.

काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं तेव्हा विक्रम आला. मी त्याला पहिल्यांदा बघितलं. वडिलांसारखाच उंच, आणि खुर्चीवर बसला की उजवा पाय हलवणारा. चार दिवस राहिला हॉस्पिटलजवळच्या लॉजवर. मी डबा नेऊन द्यायचे, तो आमच्याच घरची भाजी-भाकरी खायचा, पण दहा-पंधरा मिनिटांवर असलेल्या घरी आला नाही. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवर आण्णा त्याला म्हणाले, "घराकडं येतोस का?" विक्रम बॅगेची चेन लावत म्हणाला, "बघू आण्णा. पुढच्या वेळी." मी डब्याची पिशवी घेऊन मागं उभी होते. मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटलं.

आठवडाभर आण्णांची खुर्ची रात्री उशिरापर्यंत गेटाबाहेर असायची. मग एका सकाळी त्यांनी मला गेटाबाहेर गाठलं.

"पोरी, मी काय म्हनलो हुतो त्येला? ह्या घरात पाऊल टाकू नगंस. ह्या घरात. दुसऱ्या घरात न्हाई."

"म्हणजे?"

"फौजेत हुकूम जेवडा दिला तेवडाच पाळत्यात. ज्यादा न्हाई. मी घर बदलतो."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण आण्णा चेष्टा करत नसत. पंधरवड्याच्या आत त्यांनी मिरजेत स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, दुसऱ्या मजल्यावर, आणि टेम्पो दारात आणून उभा केला. गॅस, दोन गाद्या, देव, काकींची काठी. काकी टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून बडबडत होत्या, गेटाबाहेर असल्यामुळे मोकळ्या तोंडानं. "सत्तरीत बिऱ्हाड! मानसं घर बांधून राहात्यात, आमी घर बांधून पळतोय. ह्यांचं लगीन ह्या भिंतीसंगं झालंय, माझ्यासंगं न्हाई." आण्णांनी खालच्या घराची किल्ली मला दिली. सकाळ-संध्याकाळ उघडायचं, केर काढायचा, तिन्हीसांजेला दिवा लावायचा, झोपू द्यायचं नाही. मग त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. काहीतरी पुटपुटले. माफी मागितली असावी. टेम्पोत मागं गाद्यांवर बसून गेले, पाय हलवत.

तिकडून त्यांनी विक्रमला फोन केला, घर बदललंय, आता येतोस का. का बदललं ते सांगितलं नाही. ते कसं सांगणार? आणि पोरानं काय समजायचं? त्याला वाटलं, आण्णांच्या डोक्यावर परिणाम झाला.

एका रविवारी दुपारी मी खालचं घर उघडून फरशी पुसत होते. गेट वाजलं. विक्रम उभा होता, कानाला फोन, कपाळावर घाम. पुण्याहून गाडी चालवत आलेला. मला बघून फोन तोंडापासून बाजूला धरून म्हणाला, "आण्णा मिरजेत नेमके कुठं राहतात हो? आईला पत्ता सांगता येईना. आणि हे काय चाललंय नेमकं?" मग परत फोनवर, ऑफिसचं काहीतरी. बोलत बोलत तो आत आला. उंबऱ्याकडे त्यानं बघितलंही नाही. मी ओलं फडकं हातात धरून बघत राहिले. तो हॉलमधून सरळ स्वयंपाकघरात गेला, माठातलं पाणी घेतलं आणि ओट्याच्या डाव्या अंगाला, आग्नेय कोपऱ्यातल्या त्या फरशीवर दोन्ही पाय रोवून गटागटा प्यायला.

काही झालं नाही. पंखा फिरत होता तसा फिरत राहिला. मी मात्र ते ओलं फडकं छातीशी धरून उभी होते, आणि माझा तर असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

फोन संपल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. हुकूम, घर, तथास्तु, टेम्पो. तो ऐकता ऐकता खालीच बसला, तिथंच, त्या फरशीवर.

"मी येत नव्हतो," तो म्हणाला, "कारण त्यांनी ते कधी मागं घेतलं नाही. मला वाटायचं, एकदा तरी म्हणतील, ये म्हणून. हॉस्पिटलात सुद्धा 'येतोस का' म्हणाले. ये नाही म्हणाले."

"त्यांना वाटतं, बोललेलं मागं घेता येत नाही. घरानं ऐकलंय."

मी आण्णांना फोन केला. विक्रम आलाय म्हटलं. "कुटं?" घरात. "कुटल्या घरात?" तुमच्या. पलीकडे इतका वेळ काही आवाज नव्हता की मला वाटलं फोन कट झाला, म्हणजे वाढला.

रिक्षा आली. आण्णा उतरले, काकींना हात देऊन उतरवलं आणि गेटापाशीच थांबले. त्यांना पुढं येववेना. गजाला धरून मला विचारलं, "उंबरा वलांडला?" हो म्हटलं. "सवताहून?" हो. "कुटं बसलाय?" मी फरशीचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

विक्रम बाहेर आला नाही. आतूनच ओरडला, "आण्णा, आईचं ऑपरेशन झालंय आणि तुम्ही तिला दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलंय? काय हे?"

"गेटाभाईर ये," आण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "भांडायचं तर हितं ये."

"नाही येणार. इथंच भांडणार. तुम्ही आत या."

आण्णा आत गेले. भिंतीवर तळवा ठेवून, रामराम न घालता. मग जे भांडण झालं ते गल्लीनं दारात उभं राहून ऐकलं. एकटा विक्रमच बोलत होता. आण्णा हॉस्पिटलात बोलावं तसं कुजबुजत उत्तरं देत होते, तोंडावर हात धरत होते, त्याच्या तोंडावर हात ठेवायला जात होते. "हळू, हळू रं. ऐकतंय ते."

काकी काठी टेकत आत आल्या आणि सोफ्यावर धपकन बसल्या. "वंगाळ तेवडंच ऐकतंय व्हय ते? चांगलं ऐकायला भैरं हाय का? म्हना की एकदा चांगलं. इतकी वर्सं झाली, कुनी म्हनू नगा म्हनलं हुतं का तुमास्नी?"

घराशी एवढा संसार केलेल्या माणसाला ही साधी गोष्ट कधी सुचलीच नव्हती. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले, त्या कोपऱ्याकडे तोंड केलं, आणि परेडच्या मैदानावर द्यावा तसा आवाज दिला. माझी भांडी खणखणली असतील वर.

"ये रं. कवा बी ये. हितं राहा, न्हाई राहा, पर येत जा. माजं चुकलं."

विक्रमचा सूर एकदम उतरला. तो हॉलमध्ये उभ्या उभ्या रडायला लागला, आणि काकींनी मला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. ते बरंच झालं, कारण मलाही कुठंतरी तोंड लपवायचं होतं.

तो तीन-चार तास राहिला. जेवला. वर जाऊन माझं बिऱ्हाड, म्हणजे त्याची खोली बघून आला. सोफ्यावर आडवा झाला आणि झोपला. आण्णा समोर जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. पाय हलत होता. तो काही थांबला नाही, आणि कधी थांबला असेल असंही मला वाटत नाही. सोमवारी सकाळी ऑफिस होतं, म्हणून ऊन कलल्यावर विक्रम निघाला. त्यानं आईच्या पाया पडून घेतलं, बूट घातले. आण्णा चौकटीशी उभे होते, तळवा भिंतीवर. मी जिन्यात होते आणि मला समोर आण्णांचा चेहरा दिसत होता. ते विक्रमच्या तोंडाकडे असे बघत होते की त्यातून आता काय निघतंय यावर सगळं आहे. काकींचीही माळ हातात थांबली होती.

विक्रमनं किल्ली खिशातून काढली, गेटाकडे वळला, पुन्हा मागं फिरला.

"येतो, आण्णा."

गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत आण्णा हलले नाहीत. मिरजेहून गाद्या परत आल्या त्याच आठवड्यात माझी साताऱ्याच्या नोकरीची ऑर्डर आली. सामान बांधायची धावपळ, टेम्पोची गडबड, त्यात त्यांचा निरोप कसा घेतला तेही आता नीट आठवत नाही. डोळ्यासमोर राहिलेत ते त्या संध्याकाळचे आण्णा. गाडी दिसेनाशी झाल्यावर ते वळले, भिंतीवरचा तळवा तसाच ठेवून कपाळ तिला टेकवलं, आणि शेजारणीशी बोलावं तसं हलक्या आवाजात विचारलं, "ऐकलंस न्हवं?"